दुखणं दहापैकी किती

९ जानेवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. फोनवर मी "कशी आहेस?" विचारते, तू "बरी आहे" म्हणतेस आणि पुढच्या क्षणी फोन आईच्या कानाला असतो. एवढ्यात कुणाची कंबर बरी होत नाही. म्हणून कागद.

आईनं मला सगळं सांगितलंय. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. बाळ सहा आठवड्यांचं झालं, दूध नीट ओढतं. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी तपासून "आता हळूहळू व्यायाम करायला हरकत नाही" म्हटलंय. आणि तू पलंगावरून उठताना ओठ चावतेस, कुणी बघत नाहीये असं समजून. आई बघते.

पंधरा एप्रिलला डेपोत तुझी तपासणी आहे हेही कळलं. पास झालीस तर बसचं स्टिअरिंग, नाही झालीस तर पुन्हा चौकशीची खिडकी. ती खिडकी मी पाहिलीय. पहिल्या मुलीच्या बाळंतपणात कंबर गेली तेव्हापासून दहा वर्षं तू त्या काचेमागून लोकांना सांगत होतीस, "सात नंबरची आत्ताच गेली." ती सात नंबरची तुझीच गाडी होती.

तर जवळजवळ चौदा आठवडे आहेत. पुरेत. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये. वीस वर्षं बाळंतिणींच्या पाठी हाताखालून गेल्यात, त्या भरवशावर म्हणतेय.

पहिल्या आठवड्यात तुला वाटेल, ही मला काही करायलाच सांगत नाहीये. उताणी झोप, गुडघे दुमडलेले, तळवे जमिनीला. हात पोटावर. नाकानं श्वास घे, फासळ्या बाजूंना फुलू देत. तोंडानं सोडताना बेंबीखालचं पोट हळूच आत ओढ, घट्ट चेन लावताना ओढतो तसं, पण निम्म्या जोरानं. आणि लघवी रोखून धरतो तशी खालची पकड वर घे. पाच मोजेपर्यंत. मोठ्यानं मोज, कारण मनात मोजणाऱ्या बायका श्वास कोंडून धरतात. दुसरं, त्याच स्थितीत कंबरेखालची पोकळी जमिनीला टेकव आणि सोड. तिसरं, उठताना सरळ उठायचं नाही. कुशीवर वळ, पाय खाली सोड, हातावर रेटा देऊन बस. चौथं, चालणं. दहा मिनिटं, बाळाला कुणाकडे तरी देऊन.

पाजताना तू बाळावर वाकतेस, पैज लावते. बाळाला उशीनं वर आण, तू खाली जाऊ नकोस.

पाय बधिर झाला, त्यातली ताकद गेली, दोन्ही मांड्यांमध्ये बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला किंवा ताप आला तर पत्राची वाट पाहायची नाही, तडक डॉक्टरीणबाई.

सोबत तक्ता आहे. केलं की बरोबरची खूण. शेवटच्या रकान्यात दुखणं दहापैकी किती ते लिही. भरून परत पाठव. पाकिटावर माझा पत्ता घालून ठेवलाय, तुला तेवढंही कारण नको.

मागचं आत्ता काढत नाही. कंबर आधी.

ताई

२१ जानेवारी

धाकटे,

तक्ता मिळाला. सात दिवस, चार व्यायाम, अठ्ठावीस खुणा. सगळ्या एकाच निळ्या पेनानं, एकाच कलानं, रांगेत उभ्या. दुखणं सातही दिवस "तीन".

अगं, दुखणं असं सरकारी वागत नाही.

माझ्या फिजिओथेरपीच्या केंद्रात एक शिक्षिका यायची. ती बाहेरच्या बाकावर बसून, मांडीवर कागद ठेवून आठवड्याचा तक्ता भरायची. कागदाला मागून पेनाचे खड्डे, सातही दिवसांचे सारखेच खोल. मी नुसता कागद उलटा करून तिच्यासमोर धरायचे. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "बाई, मी मुलांच्या वह्या अशाच पकडते हो." आणि त्या दिवसापासून व्यायाम सुरू केले.

खरा तक्ता घाणेरडा असतो. तीन पेनं, एक पेन्सिल, मधेच गाळलेला दिवस, चहाचं गोल. तू मला खोटं लिहून पाठवलंस याचा मला राग नाही. तू मला काहीतरी पाठवलंस, हे मी दोनदा वाचलं.

कोरा तक्ता जोडलाय. नाही केलं तर "नाही केलं" लिही. त्यालाही रकाना आहे. आणखी एक नवा रकाना घातलाय, मी तो सगळ्यांना देते: "कशाची भीती वाटते?" मनात येईल ते, एक शब्द चालेल.

हे उभ्यानं लिहितेय, म्हणून अक्षर जरा तिरपं. आमच्या केंद्रातलं टेबल उंच आहे.

ताई

५ फेब्रुवारी

धाकटे,

काय सुंदर घाण पाठवलीस!

वरच्या कोपऱ्यात दूध सांडलेलं. मंगळवारी "नाही केलं. बाळ." बुधवारी "नाही केलं. बाळ. आई." शुक्रवारी चालण्यापुढे खूण आणि लगेच खोडलेली, म्हणजे निघालीस आणि परत आलीस. दुखणं सहा, सात, सात, सहा, पाच, सहा, पाच. मी तो कागद खोलीतल्या भिंतीवर लावलाय, आमच्या दोन प्रमाणपत्रांच्या मधोमध. हाताखालची मुलगी म्हणाली, "मॅडम, हा कुणाचा?" म्हटलं, "माझ्या सगळ्यात अवघड पेशंटचा."

सात म्हणजे तू पहिल्या आठवड्यातही सातवरच होतीस आणि तीन लिहीत होतीस. कळलं मला.

आता पुढचं. जुनं चालूच ठेव, त्यात हे मिळव. पुलाचा व्यायाम: उताणी, गुडघे दुमडलेले, श्वास सोडत ढुंगण उचल, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेष, तीन मोज, मणकान् मणका टेकवत खाली. आठ वेळा. मग ओणवी हो, हात आणि गुडघ्यांवर. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, कंबर हलू न देता. पाठीवर पाण्याची वाटी ठेवलीय असं समज.

हा शेवटचा आईला आवडणार नाही. काल फोनवर म्हणाली, "ती रांगत्या पोरासारखी जमिनीवर उभी असते आणि एक पाय हवेत! बाळ बघतं ना गं. तू शिकवलंस का हे?" म्हटलं, "हो." तर म्हणाली, "मग मलाही शिकव, मला खालचं कपाट पुसता येत नाही." म्हणजे आई तुझ्या बाजूची झाली. आता तू "आई" असं कारण लिहू शकत नाहीस.

भीतीच्या रकान्यात तू एकच शब्द लिहिलास: "क्लच."

मला माहीत होतं असं मी म्हणायला हवं. माहीत नव्हतं. मला वाटलं होतं तू बाळ लिहिशील, किंवा खिडकी. या शब्दावर मी आठवडाभर थांबणार आहे. मग सांगते.

ताई

२४ फेब्रुवारी

धाकटे,

मी डेपोत जाऊन आले. तुझ्या नाही, इथल्या.

फाटकावरच्या माणसाला म्हटलं, मला बस चालवायची नाही, फक्त क्लच दाबून बघायचाय. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेड्यांच्या इस्पितळातून पळून आलेय. शेवटी एक वयस्कर ड्रायव्हर आला, जेवणाचा डबा हातात. त्याला सगळं सांगितलं: धाकटी बहीण, बाळंतपण, तपासणी. तो म्हणाला, "बाई ड्रायव्हर? मग नीट बघा. या, चढा. हँडलला धरा, पायरी उंच आहे."

मी पहिल्यांदा तुझ्या सीटवर बसले.

इतकी वर्षं मला वाटायचं, ड्रायव्हरचं काम म्हणजे बसणं. क्लच दाबला आणि कळलं. पाय खाली गेला की कमरेचा डावा भाग मागे ओढला जातो, आणि सीट लांब असेल तर ढुंगण पुढे घसरतं आणि सगळा भार एका जागी, पट्ट्याच्या बक्कलाएवढ्या जागी येतो. आणि दाबताना नाही, सोडताना जास्त. मी विचारलं, दिवसात असं किती वेळा? तो हसला. म्हणाला, "मोजलं असतं तर चालवली नसती."

म्हणून तुझ्यासाठी हा व्यायाम, कुठल्याच पुस्तकात नाही. भिंतीसमोर खुर्ची ठेव, पाठ टेकलेली. भिंतीला कडक उशी लाव, डावा तळवा तिच्यावर. श्वास सोडत, पोट आत घेत, तीन मोजत दाब. आणि सहा मोजत सोड. सोडणं हळू. कंबर खुर्चीपासून सुटली तर खुर्ची जवळ घे. दहा वेळा, दिवसातून दोनदा. तुझ्या गाडीतही सीट दोन घरं पुढे घ्यावी लागेल असं मला वाटतं.

आता ते मागचं. पुढे ढकलणार होते, पण त्या सीटवर बसल्यावर ढकलवेना.

अकरा वर्षांपूर्वी पहिलीच्या वेळी तू मला म्हणालीस, "ताई, क्लच दाबला की कळ जाते." हा शब्द तेव्हाही तूच उच्चारला होतास. मी तुझ्या खोलीच्या दारात उभी होते, एक पाय बाहेर. मला त्या दिवशी एका परिषदेला जायचं होतं, माझं भाषण होतं, विषय पाठदुखीच. मी तुझ्या पाठीला हात लावला नाही. दारातूनच सांगितलं, "पट्टा लाव, उचलू नकोस, वाकू नकोस, पडून राहा." नऊ वर्षांचा अनुभव होता मला. नवखी होते असं म्हणायची सोय नाही. तू माझं ऐकलंस. सहा महिने पट्टा बांधून पडून राहिलीस, आणि उठलीस तेव्हा पाठीत उचलायला काही उरलं नव्हतं.

हे तरी चूक म्हणून सांगता येतं. दुसरं सांगता येत नाही, तरी सांगते. तू खिडकी मागून घेतलीस तेव्हा स्वयंपाकघरात मी आईला म्हणाले, "तिला बस नकोच होती चालवायला. पाठ निमित्त आहे." तू पाण्याची बाटली भरायला आली होतीस. दारापर्यंत आलीस आणि रिकामी बाटली घेऊन परत गेलीस. मी बाटली पाहिली. तुझ्या मागे आले नाही.

आपलं भांडण कधी झालंच नाही. त्यानंतर आपण फक्त एकमेकींना "बरी आहेस ना" विचारत राहिलो.

पाठ निमित्त नव्हती. मी बघितलं नव्हतं.

तक्ता जोडलाय. पाठवायचा की नाही हे तुझ्यावर.

ताई

१२ मार्च

धाकटे,

तक्ता आला नाही. दोन आठवडे झाले.

हे पत्र तगादा म्हणून नाही. व्यायाम थांबवू नकोस, एवढंच. माझ्यावर रागव आणि पूल कर. दोन्ही एका वेळी जमतं, रागानं उलट चांगला उचलला जातो.

आई परवा माझ्याकडे राहायला आली. म्हणते तू पुष्कळ सुधारलीस, पाळण्यातून बाळ उचलताना आता गुडघ्यांत बसतेस. तू तिच्याशी काही बोललीस का, असं विचारलं तर "तुमच्या तुम्ही बघा" म्हणाली आणि माझी कपाटं आवरायला घेतली.

ताई

२९ मार्च

धाकटे,

तक्ता आला. पोस्टमननं दारात दिला आणि मी तिथंच फोडला, तो बिचारा सहीसाठी थांबून राहिला.

चार आठवड्यांचा, एकच कागद, मागची बाजूही भरलेली. म्हणजे तू थांबली नव्हतीस. मधले दिवस गाळून सांगते, दुखणं पाच, चार, चार, पाच, चार, मधे एकदा सात (त्यापुढे "लस. रात्रभर कडेवर"), मग चार, तीन, तीन, तीन, दोन. पहिल्या आठवड्यातले खोटे तीन आणि हे तीन. यांच्यातला फरक जगात फक्त मला आणि तुला कळेल.

माझ्या कबुलीबद्दल एक अक्षर नाही. खाली समासात मात्र, शिसपेन्सिलीनं:

"बाळाला दाखवायला डेपोत गेले होते. सीट पुढे सरकत नाही. खालची पट्टी गंजलीय. आधीपासूनच."

अकरा वर्षांत तुझं मला आलेलं हे पहिलं वाक्य. गंजलेल्या पट्टीबद्दल. मी ते इतक्यांदा वाचलं की आई म्हणाली, "एवढं काय लिहिलंय त्यात?" म्हटलं, "सीट सरकत नाही." आई म्हणाली, "मग रडतेस कशाला? तेल घाल म्हणावं."

तर तेल घाल. मेकॅनिकच्या मागे लाग, लेखी तक्रार दे, तपासणीआधी सरकवून घे. तोपर्यंत पाठीमागे घट्ट गुंडाळलेला टॉवेल, बरोबर कमरेच्या खोलगटीत.

"आधीपासूनच." म्हणजे तेव्हाही. तेव्हा मी पाच मिनिटं तुझ्या गाडीत चढले असते तर दिसलं असतं.

आता माझं एक. आईनं तुला सांगितलंच असेल, तिच्या पोटात राहत नाही. कपाटं आवरताना तिला पट्टा सापडला. मी तिला म्हणाले, पेशंटचा आहे. तिनं तो माझ्या कमरेला लावून पाहिला, बक्कल बरोबर झिजलेल्या भोकात बसलं.

दोन वर्षं लावतेय. पेशंट उचलायचे, वळवायचे, दिवसभर ओणवं राहायचं. आमच्याकडे टेबल उंच आहे म्हणून उभ्यानं लिहिते हे खरं नाही. बसलं की उठवत नाही. आणि त्या डेपोत क्लच सोडताना माझीच कंबर धरली. उतरता येईना. त्या ड्रायव्हरनं डबा खाली ठेवून मला दोन्ही हातांनी धरून उतरवलं आणि म्हणाला, "बाई, तपासणी नक्की कुणाची आहे?"

हे मी तुला लिहिलं नव्हतं. तुझा विश्वास उडेल असं वाटलं. खरं कारण ते नव्हे. जिला मी "पट्टा लाव, पडून राहा" म्हटलं, तिला मी स्वतः पट्टा लावून बसलेय हे कसं सांगायचं?

पंधरा तारखेची काळजी करू नकोस. दोनवर आलेली बाई बस चालवू शकते. सोडणं हळू, एवढं लक्षात ठेव.

ताई

२७ एप्रिल

धाकटे,

तुझं पाकीट काल आलं. या वेळी पत्ता तू स्वतः लिहिला होतास, माझं तयार पाकीट नव्हतं.

आत दोन कागद. पहिल्यावर फक्त तीन दिवस भरलेले.

"पंधरा: तपासणी. निरीक्षक शेजारी बसून पन्नास मिनिटं. चढावर दोनदा थांबवली, मुद्दाम. पास. दुखणं: तीन, पण त्यात एक भीतीचं."

"बावीस: सात नंबर. सहा फेऱ्या. दुखणं: दोन."

"तेवीस: सहा फेऱ्या. मधल्या सुट्टीत बाळाला घेऊन नवरा आला, पाजलं, उशी घेऊन. दुखणं: दोन. एका आजोबांनी विचारलं, सात नंबरची गेली का? म्हटलं, हीच. चढा."

हे मी आईला वाचून दाखवलं. आईला नीट ऐकू आलं नाही असं म्हणाली, म्हणून पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

दुसरा कागद कोरा तक्ता. माझ्याच तक्त्यांपैकी एक, तू जपून ठेवलेला. वर तुझ्या अक्षरात: "नाव: ताई." चार व्यायाम तू लिहिलेत, पुलाचं चित्रसुद्धा काढलंयस. ते माझ्या चित्रापेक्षा चांगलं आहे, ही कबुली फक्त तुला. आणि तळाशी: "बाटली मी नंतर भरून घेतली होती. तू व्यायाम कर. एका बैठकीत भरू नकोस. मला कळतं."

कालपासून सुरू केलंय. सोबत दोन दिवसांचा तक्ता, खरा.

काल: श्वास केला. पूल चार वेळा, आठ नाही. ओणवी झाले तर आई पाठीवर खरंच वाटी ठेवायला आली. चालले नाही, पेशंट होते. पट्टा अर्धा दिवस. दुखणं: सहा.

आज: श्वास केला. पूल पाच. खोलीच्या मधोमध जमिनीवर पडलेले पाहून हाताखालची मुलगी धावत आली, म्हटलं, "पडले नाहीये. व्यायाम आहे. मोठ्यानं मोज." पट्टा दुपारपर्यंत. दुखणं: सहा. पाच लिहिणार होते.

"कशाची भीती वाटते?" हा रकाना अजून कोरा आहे. वीस वर्षं लोकांना हा रकाना देतेय, तो भरायला इतका वेळ लागतो हे माहीत नव्हतं. तिथं बसून, तुझ्यासमोर भरेन म्हणते.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघते. तुझी दुपारची दुसरी फेरी बाजाराच्या स्टॉपवरून सव्वातीनला सुटते, आईकडून खात्री करून घेतलीय. मी तिथं उभी असेन, पट्टा घरी ठेवून. पायरी उंच असते हे आता ठाऊक आहे. चढायला मला थोडा वेळ लागेल. क्लच तेवढा दाबून ठेव, आणि सोडताना हळू.

ताई